पोटातलं टेरिलीन

माझ्या पोटात वीतभर टेरिलीन आहे. थट्टा नाही. २०१४ साली महाधमनी फुगली म्हणून तिथे कृत्रिम नळी, म्हणजे ग्राफ्ट, बसवली. ती डेक्रॉनची, आणि डेक्रॉन काय, टेरिलीन काय, दोन्ही पॉलिएस्टरच. ह्यूस्टनच्या डॉ. मायकेल डिबेकी यांना १९५० च्या दशकात दुकानात नायलॉन मिळालं नाही, म्हणून त्यांनी डेक्रॉन घेतलं आणि बायकोच्या शिवणयंत्रावर नळ्या शिवल्या. (माझ्या लग्नातली पँट टेरिलीनची. ट्रंकेत आहे, इस्त्रीची घडी अजून मोडलेली नाही!)

कापड टिकतं हो. प्रश्न शिवणीचा. नळी जिथे मूळ धमनीला टाचली आहे, तिथे वर्षांनंतर फुगवटा येऊ शकतो. नळीला जंतुसंसर्ग होऊ शकतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग नळीच्या अगदी पुढ्यातून जातो. तिथे घासून घासून भोक पडलं की धमनीचं रक्त थेट आतड्यात. क्वचित होतं, पण दहा वर्षांनीही होतं. आधी थोडंच रक्त जातं आणि आपोआप थांबतं. मग काही तासांनी, कधी काही दिवसांनी, मोठा रक्तस्राव. मधला वेळ तेवढाच आपल्या हातात.

गेल्या वर्षी मला दोन दिवस संडासला डांबरासारखं काळं होत होतं. एका रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरांनी दुर्बीण घातली. "काका, जठरात छोटा अल्सर आहे, ॲस्पिरिनमुळे. गोळ्या देतो, घरी जा." पोटावरचा लांबलचक व्रण त्यांनी पाहिला, पण कशाचा ते विचारलं नाही. नेहमीची दुर्बीण जिथे थांबते, त्याच्या पुढे ही धोक्याची जागा असते. आमची ही मात्र फाइल मांडीवर घेऊन बसूनच राहिली. "ह्यांच्या पोटात नळी आहे. सीटी स्कॅन झाल्याशिवाय मी उठणार नाही." एरवी रिक्षावाल्याशीही दोन रुपयांसाठी न भांडणारी बाई!

स्कॅनमध्ये नळी शाबूत निघाली. म्हणजे डॉक्टरांचं निदान बरोबरच होतं. तरी माझं मत हिच्याच बाजूने आहे.

तर पुण्या-नाशकातल्या भाच्यांनो, मला रक्ताची उलटी झाली, काळं झालं किंवा उगाच ताप येत राहिला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य "पोटात ग्राफ्ट आहे" हेच सांगा. चिठ्ठी लिहून फ्रीजवर लावली आहे. सूनबाईंनी तिच्याच कोपऱ्यात गॅसवाल्याचा नंबर लिहिलाय, तो खोडू नका.