गोळी चालू ठेवून वजन उतरवताना

आपल्याकडे माणूस अंगाने भरला की त्याचे कौतुक होते. "चांगलं मानवलंय" असे म्हणून वडीलधारी माणसे पाठीवर हात फिरवतात. ज्या पिढीने १९७२ चा दुष्काळ पाहिला आणि सुकडीवर दिवस काढले, त्या पिढीच्या दृष्टीने ते साहजिकच आहे. परंतु काही घरांत हे वाढलेले वजन सुखाचे नसते. ज्या घरात मनाच्या आजारावरची गोळी चालू आहे, तेथे ते एक नवे संकट होऊन येते, आणि त्याविषयी कोणी उघड बोलत नाही. आमच्या घरात ते आले. धाकट्या भावाच्या संमतीने त्याची हकीकत येथे सांगत आहे. वाचकांपैकी ज्यांच्या घरी असेच चालले असेल, त्यांना तिचा उपयोग व्हावा एवढाच हेतू.

आमची जमीन नेसरीजवळ, घटप्रभेच्या अंगाला. भात, ऊस आणि थोडा भुईमूग. माझी नोकरी शेतीखात्यातली, आज या तालुक्यात तर उद्या त्या. त्यामुळे घरची शेती भावानेच सांभाळली. एकतिसाव्या वर्षी त्याची झोप उडाली. कानात माणसे बोलतात, असे तो सांगू लागला. शेजारी विहिरीत काही कालवतात, अशी त्याची खात्री झाली आणि त्याने घरचे पाणी पिणे सोडले. गावच्या रीतीप्रमाणे आधी देवऋषी झाला, अंगारा झाला. मग कोल्हापूरला मानसोपचार डॉक्टरांकडे नेले. त्यांनी ऑलान्झापिन नावाची गोळी दिली. दीड-दोन महिन्यांत आवाज थांबले. त्याने विहिरीचे पाणी स्वतः शेंदून आईला दिले, तो दिवस आमच्या घरात सणासारखा गेला.

गोळी सुरू झाली तेव्हा त्याचे वजन ५८ किलो होते. दीड वर्षाने सोसायटीत खताची पोती मोजायच्या काट्यावर तो गमतीने उभा राहिला, तर काटा ७९ वर गेला. चार माणसे हसली. "आता पोत्याच्या जागी तुलाच विकायचा" असे कोणी तरी बोलले. तो काही बोलला नाही. पण भांगलणीला उकिडवे बसता येईना, गुडघे धरू लागले, बांध चढताना धाप लागू लागली. रात्री अकराला उठून तो चुलीपाशी भाकरी शोधी. घरातलीच माणसे त्याला खादाड आणि आळशी म्हणू लागली.

हे खादाडपण नव्हे, ही गोष्ट प्रथम समजून घ्यायला हवी. मेंदूत भुकेचा हिशेब ठेवणारी यंत्रणा असते. ही औषधे आजार आवरताना तेथील हिस्टामिन व सेरोटोनिन या द्रव्यांच्या काही जागा अडवतात, आणि पोट भरल्याची खूण पोहोचेनाशी होते. टाकी भरून वाहू लागली तरी मोटार बंद होऊ नये, तसा हा प्रकार. त्यातच गोळीने गुंगी येते आणि हालचाल कमी होते. वाढीचा जोर पहिल्या काही महिन्यांतच जास्त असतो. सर्व गोळ्या सारख्या नाहीत. ऑलान्झापिन व क्लोझापिन यांनी वजन सर्वांत जास्त वाढते, रिस्पेरिडोन व क्वेटियापिन यांनी त्याहून कमी, आणि ॲरिपिप्राझोल किंवा ल्युरासिडोन यांनी बरेच कमी. लिथियम, व्हॅल्प्रोएट आणि नैराश्यावरची मिर्टाझापिन यांनीही ते वाढू शकते. मात्र एकाला जी गोळी लागू पडते ती दुसऱ्याला पडतेच असे नाही. म्हणून शेजाऱ्याची गोळी बघून आपली बदलायची नसते.

एका पावसाळ्यात माझ्या भावजयीला बियाण्याच्या डब्यात अकरा गोळ्या सापडल्या. भाऊ रोज गोळी तोंडात टाकी, पाणी पिई आणि मागे फिरून थुंकून टाकी. त्याची चार रात्रींची झोप तोवर गेलीच होती. मी रजा काढून आलो. रात्री सोप्यात आम्ही दोघेच बसलो होतो. तो म्हणाला, "अण्णा, मी शहाणा ऱ्हाऊ का बारीक ऱ्हाऊ, येवढंच सांगा. दोन्ही तर हुईत न्हाई."

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी कृषी पदवीधर, डॉक्टर नव्हे. दुसऱ्या दिवशी हाच प्रश्न त्याला डॉक्टरांसमोर विचारायला सांगितले. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि सांगितले, की दोन्ही होईल, पण सावकाश. आणि गोळी एकदम बंद करून मात्र कधीही नाही. एकाएकी बंद केलेली गोळी आजार परत आणते, आणि परत आलेला आजार आवरायला पुष्कळदा पहिल्यापेक्षा जड जातो.

त्या दिवशी भावाची जी तपासणी झाली, ती अशा प्रत्येक रुग्णाची व्हावी. वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी रक्तातील साखर आणि चरबी, एवढे पाहायचे. गोळी सुरू करताना एकदा, सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा आणि मग निदान वर्षातून एकदा. आपण माती तपासल्याशिवाय खताचा डोस ठरवू नये म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. आपल्या लोकांत पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटर यांच्या वर गेली, की मधुमेहाचा व हृदयविकाराचा धोका वाढतो असे धरतात. भावाची कंबर १०१ भरली. साखर काठावर होती.

डॉक्टरांनी गोळीची मात्रा टप्प्याटप्प्याने थोडी उतरवली, तिची वेळ अलीकडे आणली म्हणजे सकाळची गुंगी कमी व्हावी, आणि सोबत मेटफॉर्मिन दिले. हे मधुमेहाचे जुने औषध. पॅरिसच्या ज्याँ स्टर्न या डॉक्टरांनी १९५७ मध्ये त्याचा मधुमेहातील उपयोग प्रसिद्ध केला. मनाच्या गोळ्यांनी वाढणारे वजन आवरायलाही डॉक्टर आता ते देतात. त्याचे मूळ गॅलेगा नावाच्या शेंगवर्गीय झाडातील द्रव्यापर्यंत जाते, हे ऐकून भावाला जरा धीर आला. "म्हंजे आपल्यातलंच हाय की," तो म्हणाला. मग मी त्याला सर्पगंधेचे सांगितले. आपल्या सह्याद्रीतही सापडणाऱ्या या झुडपाच्या मुळीचा उपयोग वेडावर आणि रक्तदाबावर होतो, असे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच लिहिले होते. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी तिचा रक्तदाबावरील अनुभव १९४९ मध्ये इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. मनाच्या आजाराला औषध असते, ही गोष्ट आपल्या मातीला नवी नाही. म्हणून काही कोणी मुळी उगाळून घेऊ नये. तिने रक्तदाब फार उतरतो.

आता घरचा भाग. बैलाला आंबोण मोजून घालणारे आपण, पण स्वतःचे ताट कधी मोजत नाही. आम्ही आठवडाभर भावाचे खाणे वहीत लिहिले. दिवसाला सहा कप चहा निघाला. एका कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर धरली, तरी ती ६० ग्रॅम म्हणजे २४० कॅलरी झाली. अंगावरच्या एका किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. नुसत्या कागदी हिशेबाने महिन्याला एक किलो चरबी केवळ चहातून येत होती! प्रत्यक्षात शरीर इतके सरळ वागत नाही, पण दिशा कळली. कोल्हापूरकर म्हणून मला गुळाचा अभिमान आहे. तरी सांगतो, वजनाच्या हिशेबात गूळ आणि साखर यांत फारसा फरक नाही. चहा दोन कपांवर आला, तोही बिनसाखरेचा. गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, तहान लागते. तेव्हा थंड पेयाच्या बाटलीऐवजी पाणी किंवा पातळ ताक ठेवले.

भाकऱ्या चारांवरून दोनांवर आणल्या, पण ताट रिकामे ठेवले नाही. आधी काकडी-मुळा, मग पालेभाजी आणि घट्ट आमटी किंवा उसळ, मग भाकरी, शेवटी थोडा भात. डाळ-उसळीने पोट जास्त वेळ धरते. जेवण सातला उरकायचे. रात्रीची भूक गोळीची आहे, तिला नुसत्या दमदाटीने आवरता येत नाही. म्हणून मूठभर भिजवलेले हरभरे झाकून ठेवायचे आणि बिस्किटाचा पुडा घरातच आणायचा नाही.

यात सर्वांत अवघड गेले ते आईला. "माझ्या लेकराला अर्धपोटी निजवताय व्हय?" म्हणून ती रडली. ज्या आईने स्वतः उपाशी राहून मुलांना वाढले, तिला ताट कमी करायला सांगणे सोपे नसते. भावजयीने तोडगा काढला. तिने सगळ्या घराचे ताट एकच केले. भावाला वेगळे वाढणे बंद झाले, आणि आईच्या स्वतःच्या गुडघ्यांनाही उतार पडला. चालायला तोच रोज पहाटे भावाबरोबर मळ्यापर्यंत जाई. पहिल्या महिन्यात दोघे वाटेत तीनदा टेकत, पुढे एकदाही नाही.

वजन दर सोमवारी, घरच्या काट्यावर, चारचौघांत नव्हे. चौदा महिन्यांत ७९ चे ७१ झाले. साखर खाली आली. तेथून काटा हलला नाही, आजही ७० ते ७२ मध्येच आहे. ५८ चा तो पुन्हा होणार नाही, असे डॉक्टरांनी मोकळेपणी सांगितले आणि त्याने ते मान्य केले. तो भांगलणीला बसतो, बांध चढतो, आणि कानात कोणी बोलत नाही.

आमची नेसरी प्रतापराव गुजरांच्या नावाने ओळखली जाते. १६७४ साली सहा सोबत्यांसह ते शत्रूवर तुटून पडले, ते याच मातीत. अशा झेपेचे आपल्याला कौतुक असते. पण वजन उतरवणे हे झेपेचे काम नव्हे, ते पेरणी-भांगलणीचे काम आहे. म्हणून काही सावधगिरी सांगतो. कडक उपास करू नका. विशेषतः लिथियम घेणाऱ्याने मीठ एकदम तोडणे, उन्हात पाण्याविना राबणे, जुलाबाचे औषध घेणे धोक्याचे आहे. रक्तातील लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. हातपाय कापू लागले, तोल जाऊ लागला, तर तडक दवाखाना गाठा. अंगदुखीच्या काही गोळ्यांनीही ते वाढते, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नका. चरबी जाळणाऱ्या पावडरी, जडीबुटीचे काढे यांना दूर ठेवा. मेटफॉर्मिनही मनाने सुरू करायचे नाही.

डॉक्टरांना वजनाविषयी स्पष्ट विचारा, लाजू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला उपचाराचा आणि उपचाराची माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. जवळ डॉक्टर नसतील तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर बिनपैशात बोलता येते. ही सोय २०२२ पासून आहे.

आणि गावकऱ्यांना एक विनंती. गोळी चालू असलेला कोणी वाटेत भेटला, तर "सुजलायस की रं" असे म्हणू नका. तुमची ती थट्टा त्याला गोळी थुंकायला लावू शकते. त्याऐवजी भात कसा आहे ते विचारा, आणि चहाला बसवलात तर साखर कमी घाला.