बारा नंबरचा पाना आणि सात पायरी

राणीपूर मागे पडलं की सपाटीही संपते. तोरणमाळला चढणाऱ्या सात पायरी घाटाच्या वळणांवर माझा पिकअप दुसऱ्यातून तिसऱ्यात जातो, पुढे चढ दिसतो, परत दुसऱ्यात उतरतो. तीन वळणांत पाचदा हा खेळ. हाताने गिअर टाकणारा ड्रायव्हर असं करणार नाही, कारण त्याला पुढचं वळण दिसतं. ऑटोमॅटिकला फक्त माझा पाय आणि गाडीचा वेग कळतो. शेवटी लीव्हर ‘२’वर ठेवून मीच त्याची चुळबुळ थांबवतो.

*

गाडीची कुळकथा. सांगाडा देशी पिकअपचा. टर्बो डिझेल इंजिन आणि चार गिअरचा ऑटोमॅटिक डबा जपानी, टोयोटाच्या ए३४० जातीचा. आधीच्या मालकाने बसवून आरसीत चढवलेला. ती नोंद पाहिल्याशिवाय मी पैसे मोजले नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा कलमी झाडांना फार प्रेमाने वागवत नाही.

*

आकडे वहीत असावेत म्हणून: पहिला २.८०४, दुसरा १.५३१, तिसरा सरळ १, चौथा ०.७०५. म्हणजे पहिल्यातून दुसऱ्यात जाताना ३००० वर फिरणारं इंजिन एकदम साधारण १६४० वर यायला हवं. एवढी मोठी उडी दुसरीकडे कुठेच नाही. झटका बसतो तो इथेच, आणि घसरलं तर तेही इथेच.

*

गाडी घेतली तेव्हा गिअर लोण्यासारखे पडायचे. शहाद्याच्या रस्त्यावर मी खूश. घाटात मात्र गिअर बदलताना इंजिन आधी किंचाळायचं आणि मग गाडी पुढे सरकायची. मध्ये एक श्वासभर काहीच नाही.

शहाद्याच्या उस्तादाने डिपस्टिक ओढली, दोन बोटांत तेल चोळलं आणि बोटं माझ्या नाकाखाली धरली. लाल असायचं ते तेल काळपट तपकिरी झालेलं. वास जळक्या कागदाचा.

“काय व्हयनं?” मी विचारलं. त्याच्याशी बोलताना अहिराणी आपोआप येते.

“क्लचप्लेटा भाजल्या, भाऊ. मऊ गिअर पाहिजे म्हणून कुणीतरी केबल ढिली करून ठेवली.”

वासाचं कोडं नंतर उलगडलं. या प्लेटांवरचा थर कागदाच्याच जातीचा असतो. तेलात भिजलेला कागद हे एवढं धूड सात पायरी चढवतो!

*

कधी आणि किती, या दोन गोष्टी या डब्यात वेगळ्या आहेत. गिअर कधी बदलायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. नवीन क्लचने किती जोरात धरायचं ते तेलाचा दाब ठरवतो, आणि दाब ठरतो एका साध्या तारेवर. ॲक्सिलरेटर दाबला की तार ताणली जाते, दाब वाढतो, पकड घट्ट होते. तार ढिली असेल तर पाय जमिनीला टेकला तरी आतल्या तेलाला वाटतं, साहेब फिरायला निघालेत. मग प्लेट धरते, सुटते, घसरते, तापते. वरून आपल्याला वाटतं, काय सुरेख गिअर पडतोय.

*

माप असं: पाय पूर्ण दाबून ठेवायचा आणि केबलच्या रबरी टोपीपासून तारेवरच्या ठोकळीपर्यंतचं अंतर बघायचं. ते शून्य ते एक मिलिमीटर हवं. उस्तादाच्या पोराने कंपासपेटीतली पट्टी आणली. माझं सात भरलं.

बारा-तेराचा पाना, दोन नट. एक सोडायचा, दुसरा आवळायचा. बस.

*

अमेरिकेत यासाठी ‘शिफ्ट किट’ नावाची पाकिटं मिळतात: कडक स्प्रिंगा, तेलाच्या पत्र्यातली भोकं मोठी करायची सोय. उस्तादाला मोबाइलवर दाखवलं. “आधी तार तर बघा,” म्हणाला आणि पंक्चरच्या ट्यूबकडे वळला.

*

चूक माझी. एक मिलिमीटरवर समाधान मानायचं सोडून घरी येऊन आणखी अर्धा फेरा आवळला. केबल पाय न लावताच ताणलेली. दुसरा गिअर आता पडत नव्हता, आदळत होता. मजा वाटली, खोटं कशाला सांगू. ट्रकवाला असल्यासारखं वाटतं.

मग वळवाची सर आली. हौदा रिकामा, रस्ता ओला, वळणावर तो आदळला आणि मागची चाकं हातभर सरकली. कठड्याला लागलो नाही. त्यानंतर मात्र बराच वेळ मीच पहिल्या गिअरमध्ये होतो.

*

त्याच आठवड्यात वरून आमचूरची पोती भरली. वैशाखात तोरणमाळ-धडगावकडे जिकडे पाहावं तिकडे सोललेल्या कैरीच्या फोडी वाळत पडलेल्या असतात. केबिनमध्ये एक म्हातारी बसली, मांडीवर दोन कोंबड्यांची टोपली. गाडी सुटली, दुसरा पडला, कोंबड्या ओरडल्या. ती नातवाला पावरी बोलीत काहीतरी म्हणाली. त्याने हसत सांगितलं, “म्हणते, मागून बैल ढुशी मारतोय.”

पुढे गाडी थांबवून अर्धा फेरा परत सोडला. नंतर कोंबड्या गप्प. यापेक्षा चांगलं यंत्र शहाद्यात मिळालं नसतं.

*

तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास. वर हवा विरळ. टर्बो बरंच सांभाळून घेतो, तरी पाय थोडा खोल जातोच. पाय खोल गेला की तार ओढली जाते, आणि पकड आपोआप आणखी घट्ट होते. म्हणून केबल खालच्या सपाटीवर चाखून लावू नये. तिथे ‘जरा कमीच’ वाटतं ते वर ‘बरोबर’ होतं.

*

उतार हे वेगळं प्रकरण. पाय काढला की तार सैल, दाब कमी, गिअर पुन्हा मऊ. मी आवळलेल्या फेऱ्यांचा तिथे काही उपयोग नाही. उतरताना लीव्हर आधी ‘२’वर, मग वळण. ब्रेक तापून वास यायला लागल्यावर हे सुचलं तर फार उशीर.

*

डिपस्टिक बघायची तर गाडी गरम, इंजिन चालू, लीव्हर ‘पी’वर, आणि जमीन सपाट. शेवटची अट या डोंगरात सगळ्यांत महाग. उतारावर तेच तेल कमी दाखवतं किंवा जास्त. मी तोरणमाळच्या यशवंत तलावाच्या काठाशी एक जागा शोधली आहे. तिथे बॉनेट उघडलं की फिरायला आलेली माणसं विचारतात, “गरम झाली का?” मी हो म्हणतो. गरमच पाहिजे असते, हे समजावण्यापेक्षा सोपं.

*

जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक डबा १९४० च्या ओल्डस्मोबाइलमध्ये आला, आणि महायुद्धात तोच डबा अमेरिकेच्या एम५ या हलक्या रणगाड्यात बसला. दोन इंजिनं, दोन हायड्रामॅटिक. ‘ऑटोमॅटिक म्हणजे शहरातल्या नाजूक लोकांची गाडी’ असं चहाच्या टपरीवर कुणी म्हणालं की हे सांगायला मला आवडतं. कुणी ऐकत नाही.

*

आज नटावर नेलपॉलिशची रेघ मारली. बायकोची, लाल. अंतर अर्धा ते एक मिलिमीटरच्या मध्ये. तेल नवीन, अजून लालच. दुसरा गिअर हाताला कळतो, पाठीला नाही. भाजलेल्या प्लेटा किती दिवस धरतील, ते पावसाळ्यात भरलेल्या हौद्याने वर चढताना बघायचं.