नकारातून आलेले नाव

काही आजारांना नाव मिळते ते केवळ नकारातून. 'क्षयेतर मायकोबॅक्टेरियांचा संसर्ग' हा त्यांपैकी एक. क्षय आणि कुष्ठरोग यांचे जंतू वगळले की त्या कुळात सुमारे २०० जाती उरतात. त्या साऱ्या या एका नावाखाली येतात. माती आणि पाणी ही त्यांची घरे. श्वासावाटे ते आपणा सर्वांच्या आत जातात आणि बहुतेकांना काहीही होत नाही.

माझ्या आत्याला झाले. रुमॅटॉइड संधिवाताने तिच्या बोटांबरोबर फुफ्फुसांतही आपली खूण उमटवली होती. श्वासनलिका कायमच्या रुंदावल्या होत्या. या आजारात शरीराची संरक्षणशक्ती स्वतःवरच उलटते. तिला आवरण्यासाठी मेथोट्रेक्सेट, स्टेरॉइड आणि पुढे टीएनएफ या रेणूला रोखणारी इंजेक्शने आली. मायकोबॅक्टेरियांना गाठींत कोंडून ठेवण्याचे काम नेमका हाच रेणू करतो. आत्या पुन्हा स्वतःची वेणी घालू लागली आणि त्याच वर्षी खोकला सुरू झाला.

थुंकीत 'अ‍ॅसिड-फास्ट' जंतू निघाले. सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचे आणि क्षयेतर जंतू सारख्याच लाल काड्यांसारखे दिसतात. जनुकीय चाचणीत क्षय नव्हता; दोन वेगवेगळ्या नमुन्यांच्या कल्चरमध्ये मायकोबॅक्टेरियम एव्हियम वाढला. तो माणसाकडून माणसाला लागत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. तरीही आत्याने वेगळा केलेला पेला वेगळाच राहिला. 'क्षय नाही' या वाक्यातला 'क्षय' तेवढा लोकांच्या कानात उरतो.

पाश्चात्त्यांनी या आजाराच्या एका रूपाला नाव दिले, तेही रंगभूमीवरून उसने आणून. संकोचापोटी खोकला दाबणाऱ्या स्त्रियांना तो होत असावा, या तर्काने १९९२ साली दोन डॉक्टरांनी ऑस्कर वाइल्डच्या लेडी विंडरमिअरला त्यात ओढले. नाटकातली ती मात्र तरुण आणि निरोगी आहे.

आत्याची इंजेक्शने थांबली. बोटे पुन्हा आखडली. अ‍ॅझिथ्रोमायसिन, इथॅम्ब्युटॉल, रिफॅम्पिसिन ही औषधे कल्चर निर्जंतुक झाल्यावरही वर्षभर घ्यायची होती. एवढ्या दीर्घ सोबतीला नाव तर हवेच. शेवटी तिनेच ते शोधले. कोणी विचारले की ती सांगे, "पाण्यातला जंतू आहे. तुमच्याही नळाला येतो."