सात मिनिटे

घरात एखादे यंत्र दहाबारा वर्षे राहिले, की ते यंत्र उरत नाही. वडीलधाऱ्या माणसासारखे ते घरात ठाण मांडून बसते. त्याच्या खोकल्याची आपल्याला सवय होते, त्याच्या लहरी आपण सांभाळू लागतो, आणि पाहुण्यांसमोर त्याची बाजूही घेतो. आमचा संगणक २०१४ सालचा. बटण दाबल्यापासून कामाला लागेपर्यंत त्याला सात मिनिटे लागत. देवापुढे निरांजन लावून, तुळशीला नमस्कार करून परत यावे, तरी महाराजांचे आळोखेपिळोखे चालूच!

बाकी कुणाचे त्याच्यावाचून अडत नव्हते. ज्याच्या त्याच्या हाती फोन आहे. अडत होते ते आईचे. आई आता ८२ वर्षांची आहे. दिवेलागणीनंतर अर्धा तास ती आपल्या आठवणी लिहिते, एका बोटाने, एकेक अक्षर शोधत. त्यापुढे डोळे साथ देत नाहीत. त्या अर्ध्या तासातली सात मिनिटे म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा. तिशीतल्या माणसाने तो सोडावा. ब्याऐंशीव्या वर्षी तो कुणी कुणाला दान करू नये.

“टाका भंगारात, नवा घ्या,” असे एका जाणकाराने सुचवले. आई ताडकन म्हणाली, “माझी पानं आहेत त्यात. हात लावायचा नाही.”

तिच्या या हट्टाला कारण आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही गेले आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. आई तेव्हा सतरा वर्षांची होती. माणसे वाचली, पण आजोबांच्या वह्या, पत्रे, लग्नातले फोटो सगळे गेले. आता जे काही उरले आहे ते तिच्या आठवणीत, आणि तिथून एका बोटाने या संगणकात उतरते आहे. एकदा घरातले कागद वाहून गेलेले पाहिलेल्या बाईला “काही होत नाही हो” म्हणून समजावता येत नाही.

शेवटी माझी मुलगी पुढे झाली. “आजी, आधी तुझी पानं दोन ठिकाणी उतरवून ठेवते. मग बघू.” यंत्राला हात लावण्यापूर्वीचा हा पहिला नियम, आणि आईला पटलेला एकमेव.

मग तिने मला रोग समजावला. संगणकाची चालती स्मरणशक्ती म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा, आणि आतली तबकडी म्हणजे कोठीघर. ओटा लहान असला, की कणीक मळायला परात ठेवायची तर कुकर उचलून कोठीत नेऊन ठेवायचा. आमचा ओटा होता ४ जीबीचा. त्यावर संगणक सुरू होताच न बोलावलेले अकरा कार्यक्रम येऊन बसत.

कोठीघराची चाल तर त्याहून न्यारी. जुन्या ग्रामोफोनसारखी तबकडी फिरते आणि वर एक काटा जागा शोधत हिंडतो. तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते. तरी हवी ती जागा काट्याखाली यायला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग जातो. आपली पापणीही तेवढ्यात लवत नाही. पण तेवढ्या वेळात संगणकाच्या मेंदूचे तीन कोटी ठोके पडून जातात! बिचारा मेंदू रिकामा बसून कोठीकडे डोळे लावतो. अशा तबकडीचे पहिले यंत्र आयबीएमने १९५६ साली आणले. त्यात चोवीस इंची पन्नास तबकड्या आणि सगळ्या मिळून पन्नास लाख अक्षरे. आई तेव्हा बारा वर्षांची, पाटी सोडून वहीवर आलेली.

मुलीने ते अकरा पाहुणे दारातच थांबवले, रिकाम्या खाचेत आणखी ४ जीबीची पट्टी बसवली आणि तबकडी काढून तिच्या जागी एसएसडी लावली. तिच्यात काही फिरत नाही, काटा नाही. जागा सापडते ती सुमारे शंभरपट लवकर. जुन्यातले सारे जसेच्या तसे तिने आधीच नव्यात उतरवले होते, म्हणून आईची फाइल पडद्यावर डाव्या कोपऱ्यात जिथल्या तिथे राहिली. पंख्यातली मूठभर धूळ ब्रशने निघाली. त्यातल्या विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने संगणकाचे इंटरनेट तोडले. आईच्या लेखनाला त्याची गरजही नव्हती.

आता संगणक अर्ध्या मिनिटात उठतो. पहिल्या दिवशी आईने त्याच्याकडे संशयाने पाहिले. “इतक्या लवकर? आता वाती कधी करायच्या मी?” त्या सात मिनिटांत ती वाती वळत असे, हे घरात कुणाला ठाऊकच नव्हते!

वाती आता दुपारी होतात. रोज आठदहा ओळी अधिक उतरतात. गेल्या आठवड्यात पुराचे प्रकरण पुरे झाले. त्यात आजोबांच्या एका वहीतला घरखर्च तिने आठवून लिहिला आहे, पै-आण्यासकट. वही पासष्ट वर्षांपूर्वी वाहून गेली. हिशेब घरी परत आला.