कामावर चढण्यापूर्वीची फुंकर

पहाटेच्या पहिल्या गाडीत आपण बसतो तेव्हा चालकाचे नावही आपल्याला ठाऊक नसते. बाजाराची टोपली मांडीवर घेऊन, लेकराला खिडकीशी बसवून आपण डोळे मिटतो, ते कोणाच्या तरी भरवशावर. हा भरवसा आंधळा राहू नये म्हणून सांप्रत बसच्या आगारांत, विमानतळांवर आणि रेल्वेच्या इंजिनचालकांच्या हजेरीखोलीत एक लहानसे यंत्र आले आहे. कामावर चढण्यापूर्वी माणसाने त्यात फुंकर मारावयाची आणि यंत्राने आकडा सांगावयाचा. या फुंकरीविषयी वाचकबंधुभगिनींशी चार शब्द बोलावेत असे आम्हांस वाटते. कारण तिच्या एका बाजूस प्रवाशांचे प्राण आहेत आणि दुसऱ्या बाजूस एका घराची भाकरी.

बेला हे आदिलाबाद जिल्ह्याचे सीमेवरचे गाव. पैनगंगेपलीकडे महाराष्ट्र, कचेरीचा कागद तेलुगूत आणि कित्येकांच्या घरचे बोलणे मराठीत. इकडची माणसे कापसावर जगतात, आणि ज्यांना शेती पुरत नाही ते बस, ट्रक, जिनिंग वा कोळसाखाण यांची वाट धरतात. अशाच एका चालकाची पत्नी लग्नसराईच्या दिवसांत आमच्याकडे आली. त्या कुटुंबाच्या अनुमतीने आणि नाव न घेता आम्ही हे लिहीत आहोत. पहाटे पाच वाजता तिच्या नवऱ्याने यंत्रात फुंकर मारली, आकडा उमटला, आणि ड्यूटी न देता त्याला घरी पाठवण्यात आले. “फादर, साहेबाले एक चिठ्ठी लिहून द्या,” ती म्हणाली. “आमचे हे पेत नाहीत म्हणून लिहा. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत.”

जे आम्ही पाहिले नाही त्याची ग्वाही आम्ही कशी द्यावी? आम्ही त्याला बोलावून घेतले. तो आमच्याशी खोटे बोलला नाही. आदल्या रात्री चुलतभावाची हळद होती. आग्रहाखातर त्याने घेतली, आणि अकराच्या सुमारास तो निजला. चारला उठून आंघोळ केली, चहा घेतला, डोके हलके वाटले. “फादर, उठलो तवा मी पुरा शुद्धीत होतो जी,” असे त्याने पुन्हा पुन्हा सांगितले. त्याचे ते म्हणणे मनापासूनचे होते. पण शरीराचा हिशेब मनाच्या हिशेबाप्रमाणे चालत नाही.

हा हिशेब प्रत्येक घरी ठाऊक असावा. पोटात गेलेली दारू रक्तात मिसळते आणि यकृत तिला आपल्या ठरलेल्या गतीने जाळते. ही गती सर्वसाधारणपणे दर ताशी, १०० मिलिलिटर रक्तामागे, १५ मिलिग्रॅमच्या आसपास असते. चहा, लिंबू, थंड पाणी किंवा झोप यांनी ती वाढत नाही. रात्री अकराला एखाद्याच्या रक्तात १५० मिलिग्रॅम असेल, तर पहाटे पाचला सहा तासांनंतरही ६० उरतात. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या १८५व्या कलमाने घातलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे माणूस ताजातवाना दिसत असूनही मर्यादेच्या दुप्पट भरतो. वैमानिकांसाठी तर नियम याहून कडक आहे: उड्डाणापूर्वी बारा तास मद्याला स्पर्श नाही, आणि यंत्रावर आकडा शून्यच आला पाहिजे.

तेव्हा यंत्राने त्या दिवशी अन्याय केला नव्हता. परंतु यंत्र नेहमीच न्याय करते असेही नाही, आणि ही दुसरी बाजू सांगितल्यावाचून विषय पुरा होत नाही. यंत्र रक्त पाहत नाही, श्वास पाहते. फुप्फुसाच्या तळातून आलेल्या २१०० मिलिलिटर श्वासात जेवढे मद्य, तेवढे १ मिलिलिटर रक्तात असते, असे धरून ते अंदाज बांधते. तोंडातच मद्याचा अंश रेंगाळत असेल तर हा अंदाज चुकतो. २०२५ च्या जुलै महिन्यात केरळातील पंदळम येथील बस-आगारात असेच घडले. चालक दारूला शिवला नव्हता, तरी यंत्राने त्याला दोषी ठरवले. त्याने पिकलेला फणस खाल्ला होता. मग आधी निर्दोष ठरलेल्या एका कर्मचाऱ्याने तोच फणस खाऊन फुंकर मारली, आणि यंत्राने त्यालाही मद्यपी ठरवले! खोकल्याची काही औषधे, तोंड धुण्याची काही द्रावणे यांचेही असेच आहे. फार कशाला, मिस्साबलीत द्राक्षरस प्राशन केल्याबरोबर कोणी आमच्यापुढे हे यंत्र धरले, तर आमचीही गत तीच व्हावयाची.

यावर उपाय सोपा आहे. पहिल्या फुंकरीत आकडा आला तर माणसाला चूळ भरू द्यावी, काही खाऊपिऊ न देता पाव तास किंवा वीस मिनिटे साक्षीदारासमोर बसवावे आणि पुन्हा फुंकर मारण्यास सांगावे. तोंडातील अंश तेवढ्यात उडून जातो. रक्तातला जात नाही. दुसऱ्यांदाही आकडा आला आणि माणसाला तो मान्य नसेल, तर विनाविलंब डॉक्टरकडे नेऊन रक्ताचा नमुना घ्यावा, कारण दोन दिवसांनी घेतलेले रक्त काहीच सांगत नाही. यंत्राची वेळोवेळी तपासणी झालेली असावी, नळी प्रत्येकाला नवी मिळावी आणि नियम कामगाराला वाचता येईल अशा भाषेत भिंतीवर लावलेला असावा.

न्यायालयांनीही हीच दिशा दाखवली आहे. केवळ तोंडाचा वास, झोकांड्या, विस्फारलेल्या बाहुल्या किंवा अडखळते बोलणे एवढ्यावरून मद्यपान सिद्ध होत नाही, रक्त वा लघवीची परीक्षा हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका खटल्यात १९७१ मध्येच म्हटले होते. त्याच निकालाचा आधार घेऊन तेलंगणा उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये, केवळ फुंकरीच्या यंत्रावर विसंबून राज्य परिवहन महामंडळाच्या चालकाला नोकरीवरून काढता येणार नाही, असा निर्णय दिला. त्या दिवसापुरते गाडीपासून दूर ठेवणे वेगळे आणि आयुष्यभराची भाकरी हिरावणे वेगळे. पहिल्यासाठी संशय पुरे. दुसऱ्यासाठी पुरावा हवा. जेथे यंत्रच नाही, मुकादमाचे नाक हेच यंत्र, तेथे तर हा भेद अधिकच जपला पाहिजे.

आणखी एक गोष्ट. फुंकरीचे यंत्र फक्त मद्य ओळखते. तेलंगणात काही ठिकाणी ताडी-शिंदीत अल्प्राझोलामसारखी झोपेची औषधे मिसळली जातात, हे वारंवार उघडकीस आले आहे. ती पिणारा यंत्रापुढे निर्दोष ठरेल आणि गाडीवर मात्र पेंगेल. अशा द्रव्यांसाठी लघवीची परीक्षा लागते. ती दोन पायऱ्यांनी होते: आधी झटपट चाचणी, आणि तिच्यात दोष दिसला तर प्रयोगशाळेत पक्की चाचणी. नमुना कामगारासमोर बाटलीत सीलबंद व्हावा, त्यावर त्याची सही असावी आणि तो कोणत्या औषधावर आहे हे आधी विचारले जावे. कारण कोडीन असलेले खोकल्याचे औषधही अफूच्या रकान्यात दिसते. नागरी विमान वाहतुकीत अशी अचानक तपासणी ३१ जानेवारी २०२२ पासून लागू झाली.

आता त्या चालकाकडे वळू. तो प्यालेला नव्हता असे आम्ही लिहून दिले नाही. त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, पूर्वीची नोकरी पाहावी आणि नियमाप्रमाणे चौकशी व्हावी, एवढेच लिहिले. त्याच्या पत्नीला ते थोडके वाटले. काही दिवस ती आमच्याशी तुटक बोले. चौकशी झाली, काही काळ पगाराविना गेला, मुलीची शाळेची फी उधारीवर भागवली गेली, आणि अखेर तो कामावर परतला. “त्या दिवशी गाडी हाती दिली असती तर, फादर?” असे पुढे त्यानेच आम्हांस विचारले. उत्तर त्याला ठाऊक होते.

ज्याला सोडावीशी वाटूनही दारू सुटत नाही तो आजारी माणूस आहे. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये केलेल्या आचारसंहितेतही हा प्रश्न इतर आजारांप्रमाणे हाताळावा, गुप्तता राखावी आणि उपचाराची वाट मोकळी ठेवावी असे सुचवले आहे. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगणासारख्या केंद्रांतून कितीतरी घरे पुन्हा उभी राहिली आहेत. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे. हा आकडा घरातील माउलीने भिंतीवर लिहून ठेवावा. मात्र फार पिणाऱ्याची दारू वा शिंदी घरच्या घरी एकाएकी बंद करू नये. त्याने झटके येऊ शकतात. आधी डॉक्टरांना विचारावे.

आणि शेवटचे आपल्या सर्वांसाठी. आकडा यंत्रावर पहाटे उमटतो, पण त्याची बेरीज आदल्या रात्री आपल्याच मांडवात होते. “एकाने काय होतंय?” म्हणून पेला पुढे करणारा हात पाहुण्याचा नव्हे, आपला असतो. काही गावी गाडी मुक्कामाला येते; तेथे ना आगार असते ना यंत्र, आणि सकाळी त्याच गाडीत आपली लेकरे बसतात. तेव्हा चालकाला पोटभर जेवू घालावे, निजायला स्वच्छ जागा द्यावी आणि उद्या ज्याची ड्यूटी आहे त्याला पिण्याचा आग्रह करू नये. ज्याच्या हाती आपण आपले जीव देतो त्याचा पाहुणचार याहून चांगला होत नाही.