दर बांधून घ्यावा की नाही?

रेडिंग,
सप्टेंबर २०२५

चि. केतन,


वीज-गॅस कंपनीच्या ऑफरचा स्क्रीनशॉट मिळाला. ‘मामा, फिक्स करू का? आणि नंतर भाव उतरले तर?’ असं विचारलंस. भाव उतरतील की चढतील हे मला सांगता येणार नाही. जे छातीठोक सांगतात, त्यांना २०२१ च्या उन्हाळ्यात गाठायला हवं होतं. त्या ऑक्टोबरात ब्रिटनच्या वीज-गॅस नियामकाची, म्हणजे ऑफजेमची, प्राइस कॅप होती वर्षाला १,२७७ पौंड. पुढच्या ऑक्टोबरसाठी जाहीर झाली ३,५४९! सरकारनं तिजोरीतून भर घालून सर्वसाधारण घराचं बिल अडीच हजारांच्या आसपास रोखलं म्हणून निभावलं. त्याच सुमारास दोन डझनांहून जास्त पुरवठादार कंपन्या बुडाल्या. त्यांच्याकडे स्वस्तात दर बांधून निवांत बसलेल्यांना दुसऱ्या कंपनीकडे, कॅपच्या दरानं जावं लागलं. खात्यात जमा असलेले पैसे सुरक्षित राहिले, बांधलेला दर मात्र गेला. तेव्हा कंपनी कोणती तेही बघ.

आधी एक गैरसमज काढून टाक. येत्या १ ऑक्टोबर २०२५ पासून कॅप १,७५५ पौंड होणार, म्हणजे तुझं बिल तिथे थांबणार असं नाही. मर्यादा असते ती युनिटच्या दराला आणि रोजच्या स्टँडिंग चार्जला. वर्षाला २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस वापरणाऱ्या घराला किती पडेल, एवढंच तो आकडा सांगतो. लिझ ट्रस पंतप्रधान असताना रेडिओवर ‘कुणालाच अडीच हजारांहून जास्त भरावे लागणार नाहीत’ असं बोलून गेल्या होत्या. तेही खरं नव्हतं. फिक्स केलंस तरी हेच लागू: बांधला जातो दर. बिल वापराप्रमाणेच येणार.

कोल्हापूरला ताईचं महावितरणचं बिल स्लॅबनं चढतं, म्हणून ती शंभर युनिटांच्या आत राहायची कसरत करते. इथे पहिल्या युनिटला जो दर तोच शेवटच्या. आणि तिला कंपनी निवडायची भानगडच नाही. वीज नियामक आयोगानं दर ठरवला की विषय संपला. तुला निवड आहे, म्हणून ही डोकेदुखी.

आता तुझा हिशोब. ऑक्टोबर २०२५ च्या कॅपमध्ये वीज सरासरी २६.३५ पेन्स आणि गॅस ६.२९ पेन्स युनिट. तुला मिळताहेत २४.८५ आणि ५.७९, स्टँडिंग चार्ज जवळपास तेवढाच. (हे मुद्दाम तपासायचं, काही जण युनिट स्वस्त दाखवून तिथे वसूल करतात.) तुमच्या लीड्सचे दर सरासरीपेक्षा जरा वेगळे असतील, ते बिलावरून ताडून घे. तुझा वापर १४,००० युनिट गॅस आणि २,६०० युनिट वीज धरला, तर गॅसवर सत्तर आणि विजेवर एकोणचाळीस, असे वर्षाला सुमारे एकशे नऊ पौंड वाचतात. म्हणजे वर्षभर सरासरीनं दर साताठ टक्के खाली आला, तरच तुला फिक्स केल्याचा पस्तावा होईल. तेवढा येणारच नाही असं नाही. कॅप दर तीन महिन्यांनी बदलते, २०२३-२४ मध्ये चांगली खाली आली होती.

पण खरा प्रश्न तुमच्या घराचा आहे. ताई-भावोजी येताहेत, डिसेंबरात रेवतीचं बाळंतपण. हीटिंग सकाळ-संध्याकाळ लावून भागणार नाही, दिवसभर लागेल. दर उतरला तर शंभरेक पौंड उगाच गेले म्हणून चुटपुट लागेल. दर चढला आणि बांधलेला नसेल, तर जानेवारीत कुणीतरी गुपचूप थर्मोस्टॅट खाली करत बसेल, आणि ती बहुधा ताईच असेल. चुटपुट सोसता येते, तान्हं बाळ गारठलेलं चालत नाही. तू एकटा असतास, दिवसभर ऑफिसात आणि शनिवार-रविवार बाहेर, तर ‘कॅपवरच राहा’ म्हटलं असतं.

अडचण आहे ती एक्झिट फीची. वीज आणि गॅस मिळून शंभर पौंड, म्हणजे मध्येच सोडलंस तर वाचलेलं सगळं गेलं. घराचा करार जुलैत संपतो ना? नव्या घरी हाच दर नेता येतो का, ते कंपनीकडून लेखी घे. मुदतीच्या शेवटच्या एकोणपन्नास दिवसांत कंपनी बदलायला ही फी लागत नाही आणि घेतल्यावर चौदा दिवसांत विचार बदलला तरीही नाही. घरमालकाला विचारत बसू नकोस. बिल तुझ्या नावावर आहे, तर कंपनी निवडायचा हक्कही तुझाच.

थोडक्यात, लेखी उत्तर आलं की घेऊन टाक. पुरवठा बदलेल त्या दिवशी दोन्ही मीटरचे फोटो काढून दोन्ही कंपन्यांना रीडिंग पाठव आणि एक प्रत मलाही. जुन्या खात्यात जमा राहिलेले पैसे मात्र मागून घे.

रेवतीला जपा. ताईला सांग, लोकरीचे पायमोजे घेऊन ये.

तुझा,
मामा