गच्चीवरचा हिशेब

पुणे, रविवार दुपार

प्रिय सुमे,

सॅमसोहून धाडलेलं कार्ड पोचलं. डेन्मार्कमधल्या त्या जेमतेम 4,000 वस्तीच्या बेटावरच्या पवनचक्क्या तुला देखण्या वाटल्या. मला मेलीला पहिला प्रश्न पडला, मालक कोण? शोधलं, तर जमिनीवरच्या 11 पैकी 9 शेतकऱ्यांच्या आणि 2 गावकऱ्यांनी भाग घेऊन उभारलेल्या. स्वतःची चक्की घरघरली तरी कानाला गोडच लागणार!

आता आमचं ऐक. गच्चीवर 20 किलोवॉटचं सोलर बसलं, पण त्याला तीन सभा लागल्या. पहिलीत मी हवामानबदलावर बोलले, तर वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "चीन-अमेरिका धूर ओकतायत, आपल्या 40 बिऱ्हाडांनीच काय घोडं मारलंय?" सगळे हसले. पण काका चुकले नव्हते गं. वर्षाला 28,000 युनिट म्हणजे साधारण 20 टन कार्बन डायऑक्साइड वाचतो. त्याचा फायदा साऱ्या जगाला, भुर्दंड मात्र आमच्या मेंटेनन्सला. गावभर सावली देणाऱ्या झाडाला पाणी एकट्यानं का घालायचं?

दुसऱ्या सभेत कार्बनचं नावच काढलं नाही. फळ्यावर लिहिलं: खर्च 10 लाख, केंद्राचं अनुदान किलोवॉटला 18,000 प्रमाणे 3.60 लाख, आणि लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्या बिलात युनिटला 10 रुपये धरले तर वर्षाला 2.80 लाखांची बचत. सव्वादोन-अडीच वर्षांत पैसे वसूल. अनुमोदन काकांनीच दिलं! तिसरी सभा पापड कुठे वाळवायचे यावर झाली. (पूर्वेचा कोपरा सोडलाय.)

2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम हेच सांगायच्या: जागतिक कराराची वाट बघत बसू नका, छोट्या गटालाही आपल्यापुरता लाभ दिसतो आणि तो कामाला लागतो.

लाभ दिसला नाही की मात्र सगळं ठप्प. पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंटचा ठराव आपटला. ज्यांच्या गाड्या पेट्रोलच्या, ते कशाला वर्गणी देतील? तुझ्या सॅमसोवरही गाड्या तेल पीतच होत्या. समुद्रातल्या 10 चक्क्यांची वीज बाहेर पाठवून बेटवाल्यांनी त्या धुराची वजाबाकी जुळवली. आमच्याकडे समुद्र नाही, मुठा आहे.

पुन्हा बेटावर गेलीस तर कुणा शेतकऱ्याला विचार, चक्कीत घातलेले पैसे किती वर्षांत सुटले. आकडा लगेच कळव, पुढच्या महिन्यात चार्जिंगचा ठराव पुन्हा मांडतेय.

तुझी,
नीला